सॉफ्ट कोरल एकेक करून मरताहेत, मासे मात्र ठणठणीत! कारण काय असेल?

खाडीकाठ (ठाणे)

नमस्कार मंडळी. शक्य तेवढी माहिती एकदमच देतो.

खाऱ्या पाण्याचा (मरीन) टँक ३ फूट × दीड × दीड, खाली २ फुटी संप (फिल्टरची जोडटाकी). खडक-वाळू वजा जाता पाणी अंदाजे २०० लिटर. टँक चालू होऊन दीड वर्ष झालं. स्किमर (बुडबुड्यांच्या फेसातून घाण काढणारं यंत्र), फिल्टर सॉक, दोन वेव्हमेकर (प्रवाह करणारे पंप), एलईडी, पाण्यावर वारा मारणारे दोन पंखे. पाणी गाळायचा कार्बन (सक्रिय कोळसा) सध्या नाही. दोन क्लाउनफिश, एक रॉयल ग्रामा, एक गोबी. कोरलमध्ये झेनिया, झोआ, टोडस्टूल लेदर, मशरूम आणि जीएसपी (ग्रीन स्टार पॉलिप). हार्ड, म्हणजे दगडी सांगाड्याचं, कोरल एकही नाही.

आधी टर्बो गोगलगायी काचेवरून सुटून उताण्या पडायला लागल्या. सरळ केल्या तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मग क्लीनर श्रिम्प कात टाकताना अर्ध्यात अडकून मेला. झेनियाची उघडमीट थांबली आणि आठवडाभरात ती विरघळून गेली. झोआ मिटून बसल्यात. टोडस्टूल पॉलिप बाहेर काढत नाही, डोक्यावर चकचकीत पापुद्रा आलाय. मशरूम आक्रसलेत. मासे मात्र हातातून खाऊन घेतात.

सॅलिनिटी १.०२५, तापमान २६.५ ते २८.२, अमोनिया ०, नायट्रेट ५, फॉस्फेट ०.०६, केएच (अल्कलिनिटी) ८.१, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३२०. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलतो. दुकानदार म्हणतो आयोडीन आणि ट्रेस एलिमेंटची बाटली सुरू करा. करू का?

वाळूतला_खेकडा

अजिबात नको. कारण कळेपर्यंत टँकमध्ये नवीन काहीही ओतू नका. तुमच्या आकड्यांत खोट काढायला जागा नाही, म्हणजे जे बिघडलंय ते तुमच्या किटमध्ये दिसत नाही. ट्रेस एलिमेंटच्या बाटलीत काय काय किती असतं ते लेबलवर नीट लिहिलेलंही नसतं.

भरतीओहोटी

+१. खाडीकाठ, तुम्ही मरण्याचा क्रम लिहिलात हे फार उत्तम केलंत. बहुतेक जण "कोरल मरतंय, काय टाकू" एवढंच लिहितात. निम्मं निदान क्रमातच असतं.

आधी गोगलगाय, मग श्रिम्प, मग झेनिया, मासे शाबूत. या क्रमावरून बऱ्याच गोष्टी बाद करता येतात.

उष्णतेचा ताण असता तर कोरल आधी फिकट पडली असती. पेशींतलं झूझँथेली (आत राहणारं सूक्ष्म शेवाळ) बाहेर टाकलं की मांस शाबूत राहतं, रंग जातो. तुमच्याकडे रंग टिकून मांसच आक्रसतंय. २८.२ हे जास्त आहे, पण तेवढ्याने गोगलगायी उताण्या होत नाहीत. प्रकाश जास्त झाला असता तर वरच्या बाजूची, दिव्याखालची कोरल आधी गेली असती आणि सावलीतली वाचली असती. पाण्यात खाद्य उरलं नाही म्हणावं, म्हणजे नायट्रेट-फॉस्फेट दोन्ही शून्य, तर तुमचे ५ आणि ०.०६ अगदी हवे तसे आहेत. केएचची चढउतार मुख्यतः दगडी सांगाडा बांधणाऱ्या कोरलना भोवते, झेनियाला आठवड्यात संपवत नाही.

सॅलिनिटी मात्र मी अजून बाद करणार नाही. रिफ्रॅक्टोमीटर (सॅलिनिटी मोजायचं उपकरण) नुसत्या आरओच्या पाण्यावर शून्याला लावला असेल तर ३५ पीपीटीच्या (किलोमागे ३५ ग्रॅम क्षार) जवळ तो २-३ अंकांनी सहज चुकतो. शून्यावर नाही, ३५ वरच कॅलिब्रेट करा. द्रावण विकत आणायची गरज नाही. ३.६५ ग्रॅम मीठ आणि ९६.३५ ग्रॅम शुद्ध पाणी, ०.०१ ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोललेलं. त्याचा अपवर्तनांक ३५ पीपीटी समुद्राच्या पाण्याएवढाच असतो. यावर रीडिंग ३५ किंवा १.०२६४ यायला हवं.

हे सगळं वगळलं की उरतं विष, आणि मासे सोडून फक्त बिनकण्याचे प्राणी मारणारं विष म्हटलं की पहिलं नाव तांब्याचं. तेव्हा आता तीन गोष्टी सांगा. टॉप-अपचं, म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी भरायचं, पाणी कुठून येतं आणि त्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) किती? वेव्हमेकरचं चुंबक आणि काच घासायचं चुंबक बाहेर काढून बघितलंत का? गेल्या काही महिन्यांत घरात, टँकच्या बाहेर, काय बदललं?

नीरा_डोंबिवली

आणखी एक विचारते. टँकच्या खोलीत डासांचं लिक्विड मशीन रात्रभर चालू असतं का? सोसायटीत पेस्ट कंट्रोल झालं का? महापालिकेची धूरफवारणी? स्किमर खोलीतली हवा ओढून लाखो बुडबुडे करून पाण्यात मिसळतो, त्यामुळे खोलीत जे फवारलं ते टँकमध्ये पोचलंच.

भरतीओहोटी

ताई, हा प्रश्न प्रत्येक धाग्यावर विचारायला हवा. पण इथे क्रम जुळत नाही. डासांच्या औषधातली पायरेथ्रॉइड गटाची रसायनं कात टाकणाऱ्या कवचधारी प्राण्यांवर तुटून पडतात. श्रिम्प, खेकडे आणि संपमधले कोपेपॉड-अँफिपॉड (बारीक किड्यांसारखे जीव, थोडक्यात पॉड) काही तासांत साफ. मासेही त्यांना नाजूकच असतात. गोगलगायी मात्र ती बऱ्यापैकी सोसतात. इथे गोगलगायी सगळ्यांत आधी पडल्या आणि मासे मजेत आहेत.

खाडीकाठ, तरी रात्री टॉर्च मारून संपच्या काचेवर पॉड पळताना दिसतात का बघा. आणि ते मशीन चालू असेल तर दुसऱ्या खोलीत हलवा. स्किमरची हवेची नळी खिडकीबाहेर काढून ठेवा, पण फवारणीच्या दिवशी स्किमर बंद.

खाडीकाठ

उत्तरं देतो.

रिफ्रॅक्टोमीटर तुमच्या द्रावणावर तपासला, ३४ दाखवतोय. म्हणजे खरी सॅलिनिटी थोडी जास्त, पण फार नाही. चुंबकं काढून बघितली, प्लास्टिकचं वेष्टण अखंड आहे, फुगवटा नाही, गंजाचा डाग नाही. पॉड थोडे दिसतात, पूर्वीपेक्षा कमी. डासांचं मशीन बेडरूममध्ये, टँक हॉलमध्ये.

पाणी स्वयंपाकघरातल्या आरओचं. नळाचा टीडीएस ९५, आरओनंतर ४२. होळीनंतर जुनं मशीन बदलून नवीन घेतलंय. बाकी घरात काही बदल नाही.

भरतीओहोटी

९५ टीडीएसचं पाणी धड मेंब्रेनमधून ५-६ च्या आत यायला हवं. ४२ येतंय याचा अर्थ मशीन मेंब्रेननंतर पाण्यात काहीतरी परत मिसळतंय. एकतर टीडीएस अॅडजस्टर उघडा आहे, किंवा मिनरल कार्ट्रिज आहे.

मशीनवर कुठे "कॉपर" असं लिहिलंय का?

खाडीकाठ

हो. पुढेच मोठ्या अक्षरांत लिहिलंय. तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे गुण म्हणून जाहिरात होती. आत तपकिरी रंगाचं एक वेगळं कार्ट्रिज आहे.

भरतीओहोटी

मग सापडलं असं मी ९० टक्के खात्रीने म्हणेन. उरलेले १० टक्के लॅबच्या रिपोर्टसाठी ठेवू.

या मशीनमध्ये काही वावगं नाही. माणसाला थोडं तांबं लागतंच. पिण्याच्या पाण्याचं आपलं मानक, आयएस १०५००, लिटरला ०.०५ मिलिग्रॅम तांबं स्वीकारार्ह मानतं आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालवून घेतं. समुद्राच्या पाण्यात तांबं असतं एका लिटरला १ मायक्रोग्रॅमपेक्षाही कमी. म्हणजे माणसासाठी जे पाणी उत्तम, त्यात समुद्राच्या पन्नासपट तांबं असू शकतं.

आता टँकमध्ये ते साचतं कसं ते बघा. पाण्याची वाफ होते, तांब्याची होत नाही. समजा आरओच्या पाण्यात लिटरला १०० मायक्रोग्रॅम तांबं आहे. पंखे लावलेल्या तुमच्या टँकमधून दिवसाला ३ लिटर उडतं. आठवड्याचे २१ लिटर टॉप-अप, म्हणजे २.१ मिलिग्रॅम तांबं. शिवाय पाणी बदलताना मिठासाठी तेच पाणी २० लिटर, म्हणजे आणखी २ मिलिग्रॅम. २०० लिटरमध्ये ४.१ मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला लिटरमागे २० मायक्रोग्रॅमची भर. १० टक्के पाणी बदलून तुम्ही जेवढं काढता ते धरलं तरी आठ आठवड्यांत आकडा ११० च्या पुढे जातो आणि हळूहळू २०० कडे सरकतो.

हा २०० चा आकडा ओळखीचा वाटतो का बघा. मरीन इकच्या (माशांवर पांढरे ठिपके आणणारा परजीवी रोग) उपचारात हॉस्पिटल टँकमध्ये माशांना आयनिक तांब्याचा जो डोस देतात, तो लिटरला ०.१५ ते ०.२ मिलिग्रॅम, म्हणजेच १५० ते २०० मायक्रोग्रॅम. म्हणून तर तुमचे मासे खूश आहेत. त्यांना हॉस्पिटलचा डोस चालू आहे आणि शेजारी गोगलगायी, श्रिम्प, कोरल मरताहेत. हा उपचार डिस्प्ले टँकमध्ये कधीच करायचा नाही असं सांगतात ते याचसाठी.

मोल_आणि_मिली

गणित बरोबर आहे, फक्त एक पुस्ती जोडतो. ११० हा कमाल अंदाज आहे. तांब्याचा बराच भाग पाण्यातल्या सेंद्रिय पदार्थांना बांधला जातो आणि चुनखडीच्या खडकावर-वाळूवर बसतो, त्यामुळे पाण्यात मोकळं तांबं याहून कमी असेल. पण त्यात आनंद मानायला जागा नाही. खडकावर बसलेलं तांबं पीएच खाली गेला की थोडं थोडं परत सुटतं. स्रोत बंद केला की काम संपलं असं होत नाही ते यामुळे.

तांब्याचं घरगुती किट आणून शून्य आलं तर फसू नका. ही किट औषधाचा डोस मोजायला बनवलेली आहेत. कोरलला मारायला जेवढं पुरतं तेवढं त्यांच्या रंगपट्टीवर धड दिसतही नाही. टीडीएस मीटरचंही तेच. लिटरला १०० मायक्रोग्रॅम तांबं म्हणजे ०.१ पीपीएम, मीटरवर एक अंकही हलणार नाही.

टँकचं पाणी आयसीपीला (धातूंचं सूक्ष्म प्रमाण मोजणारी लॅब चाचणी) पाठवता आलं तर उत्तम. पण पिण्याचं पाणी तपासणाऱ्या साध्या लॅबना खाऱ्या पाण्यातलं तांबं मोजायला सांगू नका, एवढ्या मिठात त्यांचं मोजमाप बिघडतं. त्याऐवजी आरओचं पाणी द्या. एनएबीएल मान्यता असलेल्या कुठल्याही लॅबचं ते रोजचं काम आहे. "कॉपर, आयएस १०५०० प्रमाणे" एवढंच सांगायचं. नमुना त्यांच्याच बाटलीत घ्या, आणि मशीन रात्रभर बंद असताना आत थांबलेलं पहिलं पाणी आणि पाच मिनिटांनंतरचं पाणी असे दोन वेगळे द्या. कार्ट्रिजमध्ये रात्रभर थांबलेल्या पाण्यात तांबं जास्त उतरलेलं असू शकतं.

नीरा_डोंबिवली

घरात टॉप-अपची बादली भरायला तांब्याची कळशी, पिंप, पितळी तोटी वापरत असाल तर तेही बंद करा. आणि सोसायटीच्या टाकीत शेवाळासाठी कुणी मोरचूद टाकलं का हेही सेक्रेटरींना विचारा. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेटच.

खाडीकाठ

नमुने दिले. तोवर काय करू? पाणी बदलायचं तर तेच आरओचं पाणी वापरावं लागेल.

भरतीओहोटी

त्या मशीनचं पाणी आजपासून टँकला बंद. दोन दिवस टॉप-अप न करता सॅलिनिटी थोडी चढली तरी चालेल, मात्र रिटर्न पंप कोरडा पडू देऊ नका. तेवढ्या दिवसांसाठी बॅटरीत घालायचं डीएम वॉटर चालतं, पण प्रत्येक कॅन टीडीएस मीटरने तपासूनच. ० किंवा १ असेल तरच.

कायमची सोय त्याच मशीनवर होईल, नवीन आरओडीआय (आरओनंतर उरलेले क्षार रेझिनच्या दाण्यांनी काढणारं यंत्र) घ्यायची गरज नाही. मेंब्रेनच्या हाउसिंगमधून दोन नळ्या निघतात. एक वेस्टची, जिच्यावर फ्लो रिस्ट्रिक्टर असतो, आणि दुसरी शुद्ध पाण्याची. शुद्ध पाण्याच्या नळीवर, टीडीएस अॅडजस्टर, पोस्ट-कार्बन, मिनरल, कॉपर यांतलं काहीही येण्याआधी, १/४ इंची पुशफिट टी बसवा. टीच्या एका फाट्यावर स्वयंपाकघराची नेहमीची लाइन, दुसऱ्यावर बॉल व्हॉल्व्ह आणि पुढे १० इंची हाउसिंगमध्ये मिक्स्ड बेड डीआय रेझिन. अॅडजस्टर असलेल्या मशीनमध्ये कच्च्या पाण्याची एक बारीक नळी बायपास होऊन पुढे जुळते. तुमचा टी त्या जोडाच्या अलीकडेच हवा, नाहीतर मेंब्रेन टाळून आलेलं पाणी डीआयमध्ये जाईल आणि रेझिन बघता बघता संपेल.

व्हॉल्व्ह उघडला की पाणी दोन्हीकडे वाटलं जाईल. म्हणून स्वयंपाकघराच्या फाट्यावरही एक बॉल व्हॉल्व्ह टाका आणि टँकचं पाणी भरताना तो बंद ठेवा. मशीनची टाकी भरलेली असली की फ्लोट बूस्टर पंप बंद करतो, त्यामुळे आधी टाकीतलं तीन-चार लिटर पाणी काढून घ्या, म्हणजे पंप चालू राहील. काम झाल्यावर दोन्ही व्हॉल्व्ह एकदम बंद करायचे नाहीत.

मशीन बराच वेळ बंद असल्यावर मेंब्रेनमधून पहिलं पाणी जास्त टीडीएसचं येतं. ते डीआयकडे सोडू नका, पहिलं लिटर-दीड लिटर स्वयंपाकघराच्या बाजूने जाऊ दे.

डीआयनंतर टीडीएस ० आला की पाणी बदलायला लागा. दर तिसऱ्या दिवशी ३० टक्के, चार वेळा. म्हणजे ०.७ × ०.७ × ०.७ × ०.७, जुन्या पाण्याचा २४ टक्के भाग उरतो. एकदम ८० टक्के बदलू नका, आधीच दमलेल्या कोरलना तो धक्का सोसवणार नाही. दर वेळी ६० लिटर पाण्याला अंदाजे २.२ किलो सॉल्ट मिक्स लागेल. पंप लावून २४ तास ढवळायचं, तापमान टँकएवढं करायचं, आणि सॅलिनिटी कॅलिब्रेट केलेल्या मीटरवर जुळवायची.

सोबत कार्बन चालू करा. २०० लिटरला १२०-१५० मिली, आरओडीआयच्या पाण्यात काळं पाणी यायचं थांबेपर्यंत धुऊन, बारीक पिशवीत, संपमध्ये जोराचा प्रवाह असेल तिथे. सध्या दर आठवड्याला बदला. तुमच्याकडे टोडस्टूल आहे म्हणूनही कार्बन हवाच. लेदर कोरल ताणात असलं की शेजाऱ्यांना त्रास देणारी रसायनं पाण्यात सोडतं. धातूंसाठी क्युप्रिसॉर्ब किंवा पॉलिफिल्टर लावा. पॉलिफिल्टरचं पॅड तांबं ओढलं की निळं पडतं, म्हणजे औषध आणि पुरावा दोन्ही मिळतं.

वाळू ढवळू नका. खडक बाहेर काढून घासू नका.

ओलीमाती

खडक घासण्याचा विषय निघालाच आहे म्हणून अतिशय कळकळीने लिहिते. झोआ असलेला खडक कधीही उकळायचा नाही, गरम पाण्याखाली धरायचा नाही, कोरडा करून ब्रशने घासायचा नाही. झोआ आणि पॅलिथोआमध्ये पॅलिटॉक्सिन असू शकतं, आणि ते ज्ञात विषांमधलं अत्यंत जहाल विष आहे. खडक उकळताना निघालेल्या वाफेने अख्खी कुटुंबं हॉस्पिटलात गेल्याच्या नोंदी आहेत.

मेलेल्या झोआ काढायच्या असतील तर खडक टँकच्याच पाण्याच्या बादलीत बुडवून, बाल्कनीत, नायट्रिल ग्लोव्ह आणि डोळ्यांवर गॉगल लावून, चिमट्याने. हाताला जखम असेल तर ते काम दुसऱ्या दिवशी. काढलेलं मांस, बादलीतलं पाणी आणि चिमटा १ भाग ब्लीच आणि ९ भाग पाण्यात अर्धा तास ठेवून मग टाका. नंतर तोंडाला धातूसारखी किंवा कडवट चव, स्नायू दुखणं, थंडीताप, दम लागणं, डोळ्यांची आग, यांतलं काहीही जाणवलं तर थांबू नका. हॉस्पिटलात जा आणि डॉक्टरांना "पॅलिटॉक्सिन" हा शब्द सांगा, नाहीतर साधा व्हायरल समजतील. लहान मुलं आणि कुत्री-मांजरं त्या वेळी दुसऱ्या खोलीत.

भरतीओहोटी

ओलीमाती, याबद्दल मनापासून आभार.

एडिसनकर (न्यू जर्सी)

छान चर्चा. इथल्या वाचकांसाठी हार्ड कोरलबद्दल थोडं, कारण तिथे क्रम उलटा असतो. गोगलगायी, श्रिम्प मजेत, कोरल मात्र सोलून निघतंय, असं असेल तर तांबं शोधू नका, केएचची वही उघडा.

आधी ब्लीचिंग आणि मांस गळणं यांत फरक करा. भिंगातून बघा. पांढऱ्यावर पारदर्शक मांस आणि मिटलेले पॉलिप दिसत असतील तर ते ब्लीचिंग, प्रकाश किंवा उष्णता. कोरा सांगाडा दिसत असेल तर मांस गेलं. बुडापासून वर गळत येत असेल तर केएच घसरला किंवा हेलकावे खातोय असा माझा पहिला संशय. टोकं भाजल्यासारखी पांढरी असतील तर केएच ११-१२ वर आणि नायट्रेट-फॉस्फेट शून्याजवळ, ही जोडी तपासा.

केएच रोज ठरावीक वेळेला मोजा, कारण दिवसा कोरल तो झपाट्याने खातात. खाली असेल तर १०० लिटरला ३ ग्रॅम खाण्याचा सोडा १ डीकेएच (केएचचं एकक) चढवतो. दिवसाला १ च्या वर नाही, तोही आरओडीआयच्या पाण्यात विरघळवून, प्रवाहात हळूहळू. आकडा ७ ठेवा की ९, त्याने फारसं बिघडत नाही. तो रोज तोच राहायला हवा.

अमेरिकेत अनेक शहरांत पाण्याला क्लोरीनऐवजी क्लोरामाइन असतं. साधा कार्बन ब्लॉक त्याला पुरत नाही, कॅटॅलिटिक कार्बन लावा. क्लोरामाइन फुटलं की अमोनिया उरतो, तो मेंब्रेनमधून निसटतो आणि सगळा भार डीआयवर येतो. रेझिन अपेक्षेपेक्षा फार लवकर संपत असेल तर एक शंका ही घ्या.

वाळूतला_खेकडा

भारतातल्या वाचकांनी मात्र वरचं वाचून हॅमर, टॉर्च, अॅक्रोपोरा ही दगडी कोरल शोधायला निघू नये. स्क्लेरॅक्टिनिया गणातली सगळी दगडी प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या पंक्तीत. ऑर्गन पाइप, फायर कोरल, ब्लॅक कोरल, सी फॅनही संरक्षित आहेत. "टँकमध्ये वाढवलेलं आहे" असं विकणारा सांगतो, पण घरी सापडलं तर जबाब तुम्हाला द्यावा लागतो. मालवण, विजयदुर्गकडून खडक किंवा कोरल उचलून आणणं हाही गुन्हाच. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, तिथली प्रवाळं तिथेच राहू द्या. कोरडा खडक आणि जिवाणूंची बाटली यांवर टँक उत्तम उभा राहतो, फक्त दोन-तीन महिने धीर हवा.

सिंहगडरोड (पुणे)

तापमानाबद्दल विचारायचं होतं. माझ्याकडे दोन पंख्यांवर मे महिन्यातही २६ राहतं. खाडीकाठ यांच्याकडे २८ का?

मोल_आणि_मिली

हवेतल्या दमटपणामुळे. पंखा पाणी थंड करतो तो बाष्पीभवनाने, आणि तो कितीही जोरात फिरवला तरी पाणी हवेच्या वेट-बल्ब तापमानाच्या (थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळल्यावर दिसणारं तापमान) खाली जात नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ३८ अंश आणि २० टक्के आर्द्रता असेल तर ही मर्यादा २१ च्या आसपास येते. ठाण्यात ३३ अंश आणि ७० टक्के असेल तर ती २८ येते. म्हणजे तिथे पंखे फक्त पाणी उडवतात. कोकणपट्टीत उन्हाळ्यात चिलर नाहीतर खोलीला एसी, तिसरा मार्ग नाही. आणि पाणी जितकं जास्त उडतं तितकं टॉप-अप जास्त, म्हणजे या धाग्यातल्या तांब्याचा वेगही जास्त.

पंखा अचानक बंद पडला तर बर्फाचे खडे थेट टाकू नका, झिप पिशवीत किंवा बाटलीत गोठवलेलं पाणी संपमध्ये तरंगत ठेवा. तासाला १ अंशापेक्षा वेगाने खाली आणू नका.

सिंहगडरोड (पुणे)

धन्यवाद. चुंबकाचा मुद्दाही थोडा उलगडून सांगाल का?

भरतीओहोटी

वेव्हमेकरमधलं आणि काच घासायचं चुंबक निओडिमियमचं असतं, आणि त्यावर सहसा निकेल-तांबं-निकेल असा मुलामा असतो. वरचं प्लास्टिक किंवा इपॉक्सी केसभर तडकलं की खारं पाणी आत जातं, चुंबक गंजून फुगतं आणि लोखंड, निकेल, तांबं पाण्यात सुटायला लागतं. महिन्यातून एकदा दोन्ही भाग बाहेर काढून, पुसून, उजेडात बघा. कडेला तपकिरी रेघ, फुगलेली पाठ, किंवा प्लास्टिकवर नख ओढल्यावर लागणारी चीर, काहीही दिसलं तर तो भाग फेकून द्या. वरून इपॉक्सी थापून वापरू नका, आत ओल राहतेच. वेव्हमेकरचा इंपेलरही उघडून बघा, तो कुणी बघत नाही.

हीटर आणि पंपांसाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर इलेक्ट्रिशियनला बोलवा. तो आधी तुमच्या जिवासाठी, कोरल नंतर.

खाडीकाठ

रिपोर्ट आला. आरओचं पाणी, रात्रभर थांबलेलं: लिटरला ०.३४ मिलिग्रॅम तांबं. पाच मिनिटांनंतरचं: ०.१२. मेंब्रेननंतर टी बसवून घेतला, डीआयनंतर टीडीएस ०. दोन वेळा पाणी बदलून झालंय. पॉलिफिल्टरचं पॅड कडेने निळसर व्हायला लागलंय. टोडस्टूलचा पापुद्रा अजून तसाच आहे, ते मेलं समजायचं का?

भरतीओहोटी

नाही. लेदर कोरल असं मेणचट कात टाकतंच, चांगल्या टँकमध्येही आठवडा-दोन आठवडे मिटून बसतं. वेव्हमेकरचा प्रवाह त्याच्या डोक्यावरून आडवा जाईल असा वळवा, पापुद्रा सुटून वाहून जाईल. हाताने ओरबाडू नका. मेलेलं लेदर वेगळं दिसतं. तपकिरी काळपट खड्डा पडतो, मांस लिबलिबीत होऊन बोट लावताच सुटतं आणि घाण वास येतो. तसा भाग दिसला तर निरोगी मांसात अर्धा इंच आत जाऊन धारदार ब्लेडने कापून टाका, उरलेला भाग जगतो.

झोआ मिटलेल्याच राहिल्या तर महिन्याभराने रात्री लाल टॉर्चने खडकाची खालची बाजू बघा. झोआ खाणाऱ्या न्यूडिब्रँक (बिनशंखाच्या समुद्री गोगलगायी) त्यांच्यासारख्याच रंगाच्या असतात आणि पारदर्शक वेटोळी अंडी घालतात. डिपने (औषधी पाण्यात बुडवल्याने) न्यूडिब्रँक मरतात, अंडी मरत नाहीत, ती ग्लोव्ह घालून खरवडावी लागतात. पण आत्ता नाही. एका वेळी एकच दुरुस्ती.

खाडीकाठ

नवीन गोगलगायी आणि झेनिया कधी आणू?

मोल_आणि_मिली

चारही वेळा पाणी बदलून झाल्यावर नवीन पॉलिफिल्टर टाका आणि तीन आठवडे बघा. पॅड तपकिरी पडलं, निळं नाही, तर एकच गोगलगाय आणा. तासभर ठिबक पद्धतीने सरावून सोडा. दोन आठवडे ती काचेवर चिकटून चरत राहिली तर मग झेनियाचा छोटा तुकडा. श्रिम्प सगळ्यांत शेवटी, त्याने टँकमध्ये एकदा सुखरूप कात टाकली की मग बाकीच्यांचा विचार करा. क्युप्रिसॉर्ब पुढचे सहा महिने तरी काढू नका, खडकातलं तांबं सावकाश सुटतं.

सिंहगडरोड (पुणे)

शेवटचा प्रश्न. डीआय रेझिन कधी बदलायचं? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरचं पाणी येतं, टीडीएस ६०० च्या वर.

भरतीओहोटी

डीआयनंतर १ दिसला की बदला, ५ ची वाट बघू नका. संपत आलेलं रेझिन आधी पकडलेले सिलिकेटसारखे सैल धरलेले आयन एकदम सोडून देतं. रंग बदलणाऱ्या रेझिनच्या रंगावर विसंबू नका, मीटर वापरा. मेंब्रेनच्या आधी, नंतर आणि डीआयनंतर असे तीन आकडे लिहून ठेवा. ६०० च्या पाण्यावर चांगलं मेंब्रेन १५-२० देईल. तो आकडा ४० झाला तर रेझिन निम्म्याच लिटरांत संपेल, तेव्हा मेंब्रेन बदलणंच स्वस्त पडतं. टँकरच्या पाण्याला गाळ फार असतो, म्हणून मशीनच्या बाहेर ५ मायक्रॉनचा सेडिमेंट फिल्टर जोडा आणि उन्हाळ्यात तो दर महिन्याला बदला.